पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून थर्माकोल: सोलापुरात ओल धरेल का, टिकेल किती?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. जुळे सोलापुरात दोन मजली घर, नऊ इंची विटांच्या भिंती, बाहेरून सँडफेस प्लास्टर. पश्चिमेची भिंत मार्चपासून जूनपर्यंत अशी तापते की रात्री जेवणं उरकल्यावरही आतून हात टेकवत नाही. आर्किटेक्टने त्या भिंतीला बाहेरून ५० मिलिमीटर थर्माकोल, वर जाळी आणि टेक्स्चर असं सुचवलंय. शेजारच्या काकांचं म्हणणं, मागे पाणी मुरेल आणि भिंत आतून सडेल. ठेकेदाराचं म्हणणं, सोलापुरात पाऊस पडतोच किती, दहा वर्षांची गॅरंटी लिहून देतो. तुम्ही विचारता, यातलं खरं काय.

दोघांचंही थोडं बरोबर आहे, पण दोघंही भलत्या जागी बघताहेत. थर्माकोलच्या शीटमधून पाणी आरपार जात नाही आणि तिच्यामागे विटांची भिंत आपोआप सडतही नाही. पण पाऊस कमी म्हणून काम आपोआप टिकतं असंही नाही. हे काम बिघडतं ते कडांना: खिडकीच्या सिलखाली, पॅरापेटच्या म्हणजे गच्चीच्या कठड्याच्या माथ्यावर, भिंतीतून पाइप बाहेर येतो तिथे, जोत्याजवळ. आपल्याकडे या कडांना फटी पाडतं ते ऊन. पाऊस नंतर त्या फटींतून शिरतो, आणि वर घट्ट रंगाचा थर असेल तर आत गेलेलं पाणी महिनोन्‌महिने तिथेच बसतं.

थर्माकोल भिजला तर नेमकं किती नुकसान, ते आधी आकड्यांत बघू, कारण काकांच्या भीतीचं मूळ तिथे आहे. थर्माकोल म्हणजे ईपीएस. कोरड्या ईपीएसची उष्णतावाहकता ०.०३५ ते ०.०४० वॉट प्रति मीटर-केल्व्हिन, पाण्याची ०.६, म्हणजे पंधरापट. त्यामुळे दाण्यांच्या फटींत पाणी शिरलं की गुण कमी होतो हे खरं. पण प्रमाण बघा. आकारमानाच्या एक टक्का ओल वाढली की वाहकता साधारण चार टक्क्यांनी वाढते. ५० मिलिमीटर जाडीच्या एक चौरस मीटर शीटचं आकारमान ५० लिटर. त्यात अडीच लिटर पाणी मुरलं, म्हणजे पाच टक्के, तर वाहकता वीस-बावीस टक्क्यांनी वाढेल. तुमच्या उघड्या भिंतीची यू-व्हॅल्यू, म्हणजे भिंतीतून किती उष्णता आरपार जाते त्याचं माप, २ च्या आसपास आहे. थर्माकोल लावल्यावर ती ०.५ च्या जवळ येईल, आणि एवढी भिजल्यावर ०.६. उघड्या भिंतीच्या तुलनेत तरीही एक तृतीयांशच उष्णता आत येते. म्हणजे थंडावा कमी होणं ही ओलीची खरी किंमत नाही. किंमत मोजावी लागते ती चिकट मसाल्याची पकड सुटण्यात, भिंतीला लोणा लागण्यात म्हणजे क्षार फुलून प्लास्टरचा भुगा होण्यात, लिंटेल आणि छज्जाच्या सळ्या गंजण्यात, आणि खोलीच्या कोपऱ्यात बुरशी धरण्यात.

या पद्धतीचा इतिहास बराच जुना आहे. ईपीएस आणि पातळ लेप ही जोडी बर्लिनमध्ये १९५७ साली पहिल्यांदा इमारतीवर लागली. जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेच्या बांधकाम-भौतिकी विभागाने १९७५ पासून अशा इमारती हेरून ठेवल्या आणि त्याच भिंती १९८३, १९९५, २००४ अशा पुन्हापुन्हा जाऊन पाहिल्या. निष्कर्ष असा निघाला की नीट केलेल्या कामाची देखभाल साध्या प्लास्टरच्या भिंतीइतकीच लागते, जास्त नाही. दुसरीकडे अमेरिकेत, नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहरात, १९९० च्या दशकाच्या मध्यावर याच पद्धतीच्या घरांत लाकडी सांगाडे कुजलेले सापडले आणि प्रकरण कोर्टात गेलं. शीट दोन्हीकडे सारखीच. विल्मिंग्टनमध्ये पाणी खिडक्यांच्या कडेने आणि छपराच्या सांध्यांतून आत गेलं. मागे लाकडी फळ्या होत्या, आणि पाण्याला बाहेर पडायला वाट ठेवलेली नव्हती. जर्मनीत मागे वीट किंवा काँक्रीट होतं आणि कडांचे तपशील पिढ्यान्‌पिढ्या पक्के झालेले होते.

तुमची भिंत विटांची आहे, त्यामुळे कुजण्याची भीती सोडा. उलट कडा नीट असतील तर बाहेरून झाकलेली भिंत उघड्या भिंतीपेक्षा कोरडी राहते, कारण झोडपणारा पाऊस विटांपर्यंत पोचतच नाही. सळ्यांनाही याचा फायदा होतो: काँक्रीट कोरडं राहिलं की गंज मंदावतो. काकांना हे जरूर सांगा.

आता ऊन. ठेकेदाराच्या हिशोबात ते कुठेच नाही. साध्या भिंतीवर ऊन पडलं की उष्णता विटांत शिरते आणि पृष्ठभाग त्या मानाने कमी तापतो. थर्माकोल लावला की उष्णतेला आत जायला वाट नाही, मग वरचा पाच-सात मिलिमीटरचा लेप एकटाच तापतो. मे महिन्यात हवा ४२-४३ अंश, दुपारी चारचं ऊन सरळ पश्चिमेच्या भिंतीवर, रंग गडद. लेपाचं तापमान सत्तर अंशांच्या घरात जातं. आणि नेमक्या अशाच दुपारी वळीव येतो. दहा मिनिटांत भिंत सत्तरवरून तीस अंशांवर. चार मीटर लांबीचा लेप चाळीस अंशांनी थंड झाला तर त्याला दीडेक मिलिमीटर आकसायचं असतं. जाळी चांगली असेल आणि योग्य जागी बसलेली असेल तर हा ताण केसाएवढ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या भेगांत वाटला जातो. नसेल तर तो खिडकीच्या कोपऱ्यावर एकवटतो आणि तिथून तिरकी भेग निघते.

युरोपात या पद्धतीला मान्यता देताना जी चाचणी घेतात ती जणू आपल्या वळवावरूनच काढली आहे. नमुना-भिंत ७० अंशांपर्यंत तापवायची, मग तिच्यावर १५ अंशांचं पाणी तासभर फवारायचं, आणि हे चक्र ऐंशी वेळा. तिथेच पुढे उणे २० अंशांची थंडीही देतात, पण ती आपल्या कामाची नाही. तुमचा ठेकेदार जी सिस्टीम वापरणार आहे ती या ऊन-पाण्याच्या चक्रातून गेली आहे का, एवढंच त्याला विचारा. सिस्टीम म्हणजे एका कंपनीचा चिकट मसाला, बेसकोट (जाळी ज्यात बसते तो खालचा लेप), जाळी आणि टेक्स्चर, एकत्र तपासलेलं. मसाला एकाचा, जाळी बाजारातली, टेक्स्चर तिसऱ्याचं अशी खिचडी असेल तर गॅरंटीचा कागद कोणाच्या नावावर फाडणार?

रंगाबद्दल माझं मत ठाम आहे. पश्चिमेला आणि दक्षिणेला चॉकलेटी, गडद राखाडी, विटकरी काहीही नको. फिक्कट रंग घ्या. नुसत्या रंगाने त्या लेपाचं तापमान पंधरा-वीस अंशांनी खाली येतं. शिवाय ईपीएस ८० अंशांच्या आसपास मऊ पडायला लागतो, त्या हद्दीच्या जवळ त्याला नेण्यात शहाणपण नाही. हल्ली एलिव्हेशनला गडद पट्टे काढायची हौस आहे. ती पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या भिंतीवर भागवा.

जाळी काचेच्या धाग्याची, अल्कली सोसणारी, चौरस मीटरला १४५ ते १६० ग्रॅम वजनाची. बाजारात सत्तर-ऐंशी ग्रॅमची पांढरी जाळी स्वस्तात मिळते. ती सिमेंटच्या अल्कलीत काही वर्षांत ठिसूळ होते. जाळी थर्माकोलवर टाकून वरून लेप फासायचा नाही. आधी बेसकोट ओढायचा, ओल्यात जाळी दाबायची, वर पुन्हा बेसकोट, म्हणजे जाळी थराच्या बाहेरच्या तृतीयांशात बसते. जोडाला १०० मिलिमीटर चढाव. प्रत्येक खिडकीच्या चारही कोपऱ्यांवर २०० बाय ३०० मिलिमीटरचा तुकडा तिरका. हा तिरका तुकडा तुम्ही स्वतः उभं राहून बघा, कारण तो लावायला मिस्त्रीला कंटाळा येतो आणि वर लेप चढला की कोणालाच दिसत नाही.

शीट चिकटवतानाही एक गोष्ट ओलीशी थेट जोडलेली आहे. शीटच्या कडेने सलग मसाल्याची पट्टी आणि मध्ये तीन गोळे, निदान चाळीस टक्के क्षेत्र चिकटलेलं, असं हवं. आपल्याकडे नुसते पाच-सहा गोळे मारून शीट दाबतात. मग मागे सगळीकडे जोडलेली पोकळी राहते: एका खिडकीखाली शिरलेलं पाणी त्या पोकळीतून दोन खिडक्या सोडून तिसरीकडे निघतं आणि गळतीचा पत्ताच लागत नाही. शिवाय त्याच वाटेने गरम हवा फिरते, म्हणजे थर्माकोलचा बराच फायदा गेला. दोन शीटमधल्या फटीत मसाला भरू देऊ नका. थर्माकोलचीच पट्टी कापून ठोकायची किंवा पीयू फोम मारायचा. मसाला भरलेला सांधा भिंतीवर पुढे रेघेसारखा उमटतो आणि तिथेच फाटतो.

तुमच्या भिंतीवर जुना रंग आहे. तो लवचिक जाड रंग असेल तर खरवडून काढल्याशिवाय त्यावर काही चिकटवू नका. खात्री करायची सोपी रीत आहे: थर्माकोलचे वीतभर चौकोनी तुकडे दोन-तीन ठिकाणी चिकटवा, आठवडाभर ठेवा आणि ओढून काढा. तुकडा फाटला आणि दाणे भिंतीला चिकटून राहिले तर पाया चांगला. मसाला रंगाच्या पापुद्र्यासकट सुटून आला तर आधी खरवडणं.

आता कडा. माझ्या मते पैसा आणि लक्ष यांचा मोठा वाटा इथे जायला हवा, पण कोटेशनमध्ये याला एक ओळही नसते.

खिडकीची सिल घ्या. तुमच्याकडे शहाबादी किंवा कडप्प्याची सिल असेल, भिंतीबाहेर इंच-दीड इंच आलेली. बाहेरून ५० मिलिमीटर थर्माकोल आणि वरचा लेप आला की ती सिल आत बुडते. पूर्वी सिलवरून खाली टपकणारं पाणी आता थेट थर्माकोलच्या माथ्यावर, शीट आणि भिंतीच्या मधे जातं. जुन्या घरावर केलेल्या कामांत बाहेरून ओल आलेली दिसली की मी सगळ्यात आधी सिल बघतो. उपाय एकच: जुनीवर नवी सिल बसवायची, दगडाची किंवा ॲल्युमिनियमची, तयार भिंतीपासून ३०-४० मिलिमीटर बाहेर, उतार बाहेर, आणि खालून पाणी तुटायला खाच, मिस्त्री जिला थ्रोटिंग म्हणतात ती. सिलच्या दोन्ही टोकांना पाणी बाजूला सरकून लेपात जाऊ नये म्हणून टोकं वर वळलेली हवीत. आणि सिलच्या खाली, थर्माकोलच्या माथ्यावर, वॉटरप्रूफिंगचा एक थर द्यायचा, म्हणजे वरचं सीलंट फाटलं तरी पाणी आत न जाता बाहेर घसरेल. सीलंट फाटणारच आहे. पश्चिमेच्या उन्हात त्याचं आयुष्य पाच ते दहा वर्षं धरा.

पॅरापेटचंही तसंच. जुन्या सोलापुरात माळवदाची घरं बघा: पांढऱ्या मातीच्या जाड भिंती, वर मातीचं धाबं, आणि पन्हळी भिंतीपासून हातभर बाहेर काढलेल्या. मातीला पाणी सोसत नाही हे माहीत असल्याने पाणी भिंतीला शिवूच द्यायचं नाही, अशी ती रचना. आपण सिमेंट आल्यावर पन्हळ काढून टाकली आणि पाणी भिंतीच्या अंगावरून सोडायला लागलो. तुमच्या पॅरापेटच्या माथ्यावर सलग कोपिंग, म्हणजे झाकणासारखा थर हवा, उतार गच्चीच्या बाजूला, दोन्हीकडे थ्रोटिंग, आणि बाहेरच्या बाजूने तो नव्या जाडीच्या पुढे आलेला. उतार बाहेर दिला तर सगळी धूळ पहिल्याच पावसात ओघळ होऊन तुमच्या फिक्कट भिंतीवर उतरेल. गच्ची आणि पॅरापेटच्या सांध्यातला वाटा (कोपऱ्यात भरलेला गोलसर मसाला) फुटलेला असेल तर तो आधी दुरुस्त करा, कारण तिथून मुरलेलं पाणी विटांमधून खाली येऊन थर्माकोलच्या मागे पोचतं आणि दोष थर्माकोलवर येतो.

आणि आता पावसाचा काहीही संबंध नसलेलं पाणी. सोलापुरातल्या भिंती उन्हाळ्यातही भिजतात. खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर, त्यात बोअरचं जड पाणी, आणि मार्च ते जून रोज टपकणारी टाकी. भिंतीवर पांढऱ्या क्षारांचा ओघळ आणि त्याखाली फुगलेला रंग तुम्हाला कुठल्याही गल्लीत दिसेल. दुसरं, नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे प्रत्येक गच्चीवर मोठ्या टाक्या, आणि पाणी आलं की रात्री-बेरात्री टाकी भरून वाहते. ते पाणी पॅरापेटवरून सरळ भिंतीवर. टाकीला फ्लोट व्हॉल्व्ह लावा आणि ओव्हरफ्लोचा पाइप भिंतीपासून लांब सोडा. हा खर्च कामाच्या एकूण किमतीपुढे किरकोळ आहे. एसीच्या पाण्याचा पाइपही तसाच लोंबकळत ठेवू नका.

कूलरचा किंवा एसीच्या बाहेरच्या युनिटचा स्टँड थर्माकोलवर आवळता येत नाही, तो दबतो. जिथे स्टँड येणार तिथे आधीच टणक ठोकळा भिंतीला पक्का करून मग सभोवती थर्माकोल बसवायचा आणि बोल्टभोवती सीलंट. पुढच्या दहा वर्षांत भिंतीवर काय काय टांगणार आहात याचा विचार आजच करा: डिश अँटेना, मीटरची पेटी, कपड्यांची दोरी, सोलर हीटरचे पाइप. काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनने ड्रिलने पाडलेलं प्रत्येक भोक ही पाण्याची वाट आहे.

जोत्याजवळ थर्माकोल जमिनीपर्यंत नेऊ नका. जमिनीपासून निदान ३०० मिलिमीटर वर धातूच्या पट्टीवर सुरू करा. खाली पावसाचे शिंतोडे आणि माती उडते, वाळवी मागच्या बाजूने कोणाला न दिसता चढते, उंदीर आणि मुंग्यांना थर्माकोल पोखरायला फार आवडतो. त्या पट्ट्यात हवंच असेल तर एक्सपीएस, म्हणजे थर्माकोलचाच जास्त दाट भाऊबंद, वापरा. त्याचे कप्पे बंद असतात आणि तो पाणी फारच कमी पितो. तळमजल्यावर मुलांच्या क्रिकेटचा चेंडू आणि टेकवलेल्या मोटारसायकली लक्षात घेऊन जाळी दुहेरी.

जमिनीतून ओल चढत असेल, म्हणजे खालच्या दोन-तीन फुटांत लोणा, पोपडे, भुगा होणारं प्लास्टर असेल, तर हे काम आज करूच नका. आधी ती ओल थांबवा, खारं प्लास्टर विटेपर्यंत काढा, एक उन्हाळा भिंत उघडी ठेवा. अशा भिंतीवर थर्माकोल आणि लेप चढवला की खालून येणारं पाणी बाहेरून वाळायचं बंद होतं आणि ओल आणखी वर चढते, बहुतेक वेळा आतल्या बाजूने. काळ्या मातीवरच्या घरात पायाच्या हालचालीने कोपऱ्यांवर तिरक्या भेगा येतात, पावसाळ्यात मिटतात, उन्हाळ्यात उघडतात. अशी जिवंत भेग जाळीने झाकली जात नाही. आधी तिच्यावर खुणा करून एक पावसाळा आणि एक उन्हाळा लक्ष ठेवा.

वाफेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण तुमच्या बेडरूममध्ये एसी आहे म्हणून सांगतो. थंड देशांत वाफ घरातून बाहेर जाते, म्हणून ते आतून वाफरोधक थर लावतात. तिथली पुस्तकं वाचून आपल्याकडेही काही जण तसं सुचवतात. आपल्याकडे पावसाळ्यात उलटं होतं. ऑगस्ट-सप्टेंबरात बाहेर २७ अंश आणि आर्द्रता ८५ टक्के असेल तर त्या हवेचा दवबिंदू, म्हणजे वाफेचं पाणी व्हायला लागतं ते तापमान, २४ अंश असतो. आत एसी २० वर लावला की आतला पृष्ठभाग त्याच्याखाली जातो. बाहेरून आत सरकणारी वाफ आतल्या घट्ट थराच्या मागे अडली तर तिथे तिचं पाणी होतं. हा घट्ट थर म्हणजे व्हिनाइल वॉलपेपर किंवा पीव्हीसी पॅनेल. भिंतीला ओल आली की पीव्हीसी पॅनेल मारून झाकायची जी टूम निघाली आहे ती मला मुळीच पटत नाही. मागे बुरशीचं नंदनवन तयार होतं. बाहेरच्या भिंतीला आतून साधं इमल्शन लावा, भिंत आतल्या बाजूने वाळत राहील. एसी २४-२५ वर ठेवलात तर हा प्रश्न सोलापुरात जवळजवळ उरतच नाही, कारण ५० मिलिमीटर ईपीएस वाफेला एक ते तीन मीटर स्थिर हवेच्या थराइतका अडथळा करतो आणि आपला दमट काळही जेमतेम तीन-चार महिन्यांचा.

बाहेरच्या लेपाला मात्र दोन्ही गुण हवेत: पाणी कमी प्यायचं आणि वाफ जाऊ द्यायची. जर्मन निकषात पाणी शोषण्याचा गुणांक ०.५ च्या खाली आणि वाफेचा अडथळा दोन मीटर हवेपेक्षा कमी असं धरतात. सिलिकॉन रेझिनचं टेक्स्चर यात बसतं. तीन-चार हात जाड रबरासारखा रंग ‘वॉटरप्रूफ’ म्हणून मारला तर पाणी अडेल, पण कडेने शिरलेलं पाणी बाहेरही पडणार नाही. मग फुगे येतात.

रॉकवूल (दगडाच्या धाग्यांची शीट) की थर्माकोल? वाफ जाऊ देण्यात रॉकवूल खूपच पुढे, आगीत ते जळत नाही, आणि उंच इमारतीला मी तेच सांगेन. पण पाणी शिरलं तर थर्माकोलपेक्षा जास्त पितं आणि सतत ओलं राहिलं तर धाग्यांची पकड ढिली होते. तुमच्या दोन मजली घराला आयएस ४६७१ च्या प्रतीतला, आपोआप विझणारा, २० किलो घनतेचा ईपीएस चालेल. पॅकिंगचा थर्माकोल चालणार नाही. नव्या शीट बनल्यावर काही आठवडे तशाच ठेवलेल्या हव्यात, कारण ताज्या शीट भिंतीवर गेल्यावर आकसतात. उन्हात उघड्या पडून पिवळ्या झालेल्या शीटचा भुगा घासून काढल्याशिवाय लेप धरत नाही. थिनर किंवा पेट्रोलवर आधारित चिकटद्रव्य लागलं तर थर्माकोल विरघळतो, हेही मिस्त्रीला सांगून ठेवा.

काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. परतीचा पाऊस संपलेला असतो, भिंत ऑक्टोबरच्या उन्हाने वाळलेली असते, आणि तापमान मसाल्याला मानवतं. एप्रिल-मेमध्ये बेसकोट ओढता ओढता सुकतो आणि तिथल्या तिथे भेगाळतो. तेव्हाच करायचं असेल तर पश्चिमेची भिंत सकाळी, आणि सावलीसाठी हिरवी जाळी बांधून. सोलापुरात सप्टेंबर हा सर्वात पावसाचा महिना. तोवर सिल, कोपिंग, सीलंट अर्धवट राहिलं असेल तर त्या महिन्यात सगळं कळेल. ऑक्टोबर २०२० मध्ये बंगालच्या उपसागरातून आलेल्या कमी दाबाच्या क्षेत्राने पंढरपूर-सोलापूर भागाला झोडपलं, तसा एखादा दिवस वर्षाच्या सरासरीच्या हिशोबात दिसत नाही, पण कडांची परीक्षा तोच घेतो.

एक अवांतर, पण पैशाचं. तुमच्या गच्चीवर काही केलंय का? वरच्या मजल्यावरची उष्णता मुख्यतः स्लॅबमधून येते. गच्ची उघडी ठेवून फक्त पश्चिमेची भिंत झाकली तर खोली अपेक्षेएवढी थंड होणार नाही आणि तुम्ही थर्माकोलला नावं ठेवाल. आधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, इन्सुलेशन आणि पांढरा थर, मग भिंत. खिडक्यांवर खोल छज्जे किंवा बाहेरून पडदेही स्वस्तात बरंच काम करतात, आणि छज्जा पाऊसही अडवतो.

आता त्या दहा वर्षांच्या गॅरंटीबद्दल. युरोपात या पद्धतीचं आयुष्य निदान पंचवीस वर्षं धरून मान्यता दिली जाते, तेव्हा दहा वर्षं मागण्यात काही वावगं नाही. पण कागदावर ‘लीकेज गॅरंटी’ एवढंच लिहिलेलं असेल तर त्याला अर्थ नाही. सिस्टीमचं नाव, जाळीचं वजन, ईपीएसची घनता, सिल आणि कोपिंगचं रेखाचित्र, सीलंट कोणतं आणि ते कोण बदलणार, हे वर्कऑर्डरमध्ये घ्या. दर पावसाळ्याआधी एकदा भिंतीभोवती फिरून सीलंट बघणं आणि वर्ष-दोन वर्षांनी भिंत बोटांनी ठोकून पोकळ आवाज कुठे येतो ते बघणं तुमच्याकडे. शेवटचा हप्ता काम संपल्यावर लगेच देऊ नका. प्रत्येक खिडकीच्या सिलवर आणि पॅरापेटवर अर्धा तास पाइपने पाणी सोडायला लावा आणि दुसऱ्या दिवशी आतून बघा. ठेकेदार म्हणेल की एवढं पाणी तर सोलापुरात पडतच नाही. तरी सोडायला लावा.